संकोचाचे बळी

ह्या देशात दर वर्षी सुमारे ८० हजार स्त्रिया एका रोगाने मृत्यू पावतात, आणि हा रोग बव्हंशी टाळता येण्यासारखा आहे. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे कोणत्याही विचारी माणसाची झोप उडावयास हवी. परंतु ती उडालेली दिसत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे त्या रोगाचे नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार त्या एका वर्षात भारतातील सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांस हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. म्हणजे दर सात मिनिटांच्या आत एक मृत्यू. साऱ्या जगात ह्या रोगाने वर्षाकाठी साडेतीन लाखांच्या घरात मृत्यू होतात. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारताच्या वाट्याला आला आहे.

एखादा पूल कोसळून शंभर माणसे दगावली तर विधिमंडळ दणाणून जाते, मंत्र्यांचे राजीनामे मागितले जातात, चौकशी आयोग नेमले जातात. येथे रोज दोनशेहून अधिक स्त्रिया जातात आणि त्यांच्यासाठी कोठे साधा तहकुबीचा ठरावही येत नाही. ह्याचे कारण उघड आहे. ह्या स्त्रिया एका ठिकाणी आणि एका वेळी मरत नाहीत. त्या आपापल्या घराच्या आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून मरतात. आणि आपणास काय होत आहे हे त्यांतील पुष्कळजणींनी स्वतःच्या नवऱ्यालाही वेळेवर सांगितलेले नसते. वर्तमानपत्राची पहिल्या पानावरील ही जागा एरवी राज्यकर्त्यांच्या उलाढालींना द्यावी लागते. आज ती आम्ही एका लशीला आणि त्या लशीच्या आड येणाऱ्या मौनाला देत आहो. कारण ह्या रोगाविरुद्ध शास्त्राने आपले काम केले आहे. अडले आहे ते बोलण्यावाचून. सरकारने जनतेशी आणि आईबापांनी मुलींशी सरळ शब्दांत बोलण्याचे जे टाळले, त्याची किंमत स्त्रियांनी प्राणांनी चुकती केली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. इतर अनेक कर्करोगांची कारणे अद्याप धूसर आहेत. ह्याचे तसे नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी १९८३ आणि १९८४ साली ह्या रोगाच्या गाठींतून ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकांचे प्रकार शोधून काढले, आणि त्या शोधाबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील थोडेच कर्करोगास कारण होतात; परंतु १६ आणि १८ हे दोन प्रकार असे घातकी आहेत, की जगातील ह्या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण त्या दोघांच्याच खाती जमा होतात. भारतात तर हे प्रमाण त्याहूनही अधिक आढळले आहे.

विषाणूचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो आणि तो इतका सर्वत्र आहे, की बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन गेलेला असतो. बहुतेकांचे शरीर एकदोन वर्षांत त्याला हुसकून लावते. थोड्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडून बसतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बिघाड घडवतो आणि दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनी त्या बिघाडाचे रूपांतर कर्करोगात होते. ही दीर्घ मुदत म्हणजे निसर्गाने माणसाला दिलेली सवड आहे. संसर्ग होण्यापूर्वी लस टोचून तो अडविता येतो, आणि झालाच तर कर्करोग होण्याआधी तपासणी करून तो बिघाड काढून टाकता येतो. वैऱ्याने इतक्या वर्षांची नोटीस देऊन यावे आणि तरीही आपण गाफील सापडावे, ह्याला दैव म्हणता येत नाही.

लशीविषयी लोकांच्या मनात अनेक शंका आहेत, त्यांतील पहिलीचे उत्तर तिच्या घडणीतच आहे. ह्या लशीत जिवंत वा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरील कवचाचे प्रथिन तेवढे त्यात असते. आत बीजद्रव्य काहीच नाही. ज्या घराला नुसत्या भिंती आहेत आणि आत राहणारा कोणी नाही, अशा घरासारखे ते रिते कवच असते. शरीर त्या भिंती ओळखून ठेवते आणि पुढे खरा विषाणू आला म्हणजे त्याला दारातच अडवते. लशीपासून रोग होण्याचा प्रश्न म्हणूनच उद्भवत नाही. दंड दुखणे, थोडा ज्वर येणे, क्वचित भोवळ येणे, हे त्रास होतात. म्हणून टोचल्यावर मुलीला पंधरा मिनिटे बसवून ठेवण्याचा प्रघात आहे. तीव्र ॲलर्जीचा प्रकार कोणत्याही लशीने अत्यंत विरळा घडू शकतो तसा हिच्यानेही घडू शकतो, आणि त्यावर तत्काळ उपचार करता येतो. वंध्यत्व येते ही वदंता मात्र निखालस खोटी आहे.

२००६ साली ही लस प्रथम वापरात आली आणि आज तिच्या गुणाचा पुरावा केवळ प्रयोगशाळेतला राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियाने २००७ साली शाळाशाळांतून मुलींना लस देण्यास आरंभ केला आणि २०१३ पासून मुलग्यांनाही ती दिली. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या मुलींत ह्या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या पिढीत ते ८७ टक्क्यांनी उतरल्याचे २०२१ साली दिसून आले. स्कॉटलंडमध्ये त्याच कोवळ्या वयात लशीच्या सर्व मात्रा घेतलेल्या स्त्रियांत ह्या कर्करोगाची एकही रुग्ण आढळली नाही, असे २०२४ साली तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले. हे झाले श्रीमंत देशांचे. परंतु आपल्या शेजारच्या चिमुकल्या भूतानने २०१० साली आणि यादवीच्या वणव्यातून होरपळून निघालेल्या रवांडाने २०११ साली हीच लस देशभरच्या मुलींना देण्यास प्रारंभ केला आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे मजल मारली. चंद्रावर यान उतरविणाऱ्या भारताला ह्या बाबतीत भूतानकडे मान वर करून पाहावे लागावे, हे कशाचे लक्षण आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर २००९ सालाकडे वळावे लागते. लशीस भारतात २००८ साली परवाना मिळाला होता. पुढील वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात पाथ ह्या अमेरिकन संस्थेने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने एक प्रात्यक्षिक प्रकल्प हाती घेतला. वीस हजारांहून अधिक मुलींना लस टोचण्यात आली. त्यांत आदिवासी आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींचा भरणा मोठा होता. त्या काळात सात मुली मृत्यू पावल्याचे वृत्त आले, देशभर काहूर उठले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबविला.

ते मृत्यू लशीमुळे झाले काय? चौकशीत जे निष्पन्न झाले ते असे: एक मुलगी पाण्यात बुडून मेली, एकीला सर्पदंश झाला, दोघींनी कीटकनाशक प्राशन केले, एकीला हिवताप झाला होता; आणि उरलेल्या दोघींच्या मृत्यूचाही लशीशी संबंध संभवत नाही, असाच चौकशी समितीचा अभिप्राय पडला. लस निर्दोष ठरली. परंतु लस टोचणारे निर्दोष ठरले नाहीत, आणि ही गोष्ट लशीच्या कैवाऱ्यांनी कधीही विसरू नये. पालकांच्या संमतीच्या ज्या अर्जांवर आईबापांच्या सह्या हव्यात, त्यांतील दोन हजारांहून अधिक अर्जांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या ठोकल्याचे उघडकीस आले. कित्येक अर्जांवर अंगठे होते आणि अंगठा उठविणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे हे कोणी समजावून दिले होते काय, ह्याचा पत्ता नव्हता. टोचल्यानंतर मुलींना काही त्रास झाला तर त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही अपुरी होती. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या आपल्या अहवालात ह्या साऱ्या कारभारावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे झाडले, आणि ते योग्यच झाले.

गरिबाची मुलगी झाली म्हणून तिच्या दंडावरचा हक्क वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे जात नाही. ज्या आईबापांना विचारलेच नाही, त्यांनी मुलगी गेल्यावर लशीकडे बोट दाखविले तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. परंतु त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे, की अधिकाऱ्यांच्या अपराधाची शिक्षा लशीला देण्यात आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. वास्तविक संमतीची पद्धत सुधारावयाची, दोषींना जाब विचारावयाचा आणि काम नेटाने पुढे न्यावयाचे, हा सरळ मार्ग होता. त्याऐवजी सरकारने तोंडाला कुलूप घातले. २०१० साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज पंचविशीच्या घरात आहे. एक अख्खी पिढी लशीविना वाढली आणि ह्याविषयी कोणी कोणास उत्तर दिले नाही.

ह्या प्रकरणातून दैवगतीने एक लाभ मात्र झाला, आणि तो मराठी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक स्वतंत्र अभ्यास भारतात चालू होता. पुणे आणि बार्शी येथील केंद्रेही त्यात सामील होती. दोन मात्रा पुरतात की तीनच लागतात, हे त्यांना पाहावयाचे होते. २०१० च्या बंदीमुळे तोही मध्येच थांबला. सुमारे १७ हजार ७०० मुलींना लस मिळाली होती, त्यांपैकी जवळजवळ ५ हजार मुलींच्या वाट्याला ठरलेल्या मात्रांपैकी एकच मात्रा आली. शास्त्रज्ञांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षे त्यांची तपासणी होत राहिली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की १६ आणि १८ ह्या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्याच्या कामी एक मात्राही ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरते. केनियातील एका अभ्यासानेही तसाच कौल दिला. त्या पुराव्याच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एकाच मात्रेचा पर्यायही मान्य केला. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे त्यांना अर्थातच अधिक मात्रा लागतात. आज जगातील अनेक गरीब देश एका मात्रेवर काम भागवून लाखो मुलींचे रक्षण करीत आहेत. त्या ज्ञानाचा मोठा वाटा ह्या देशातील मुलींच्या दंडांतून आलेला आहे. ज्यांच्यामुळे जगाला हे कळले, त्यांच्या धाकट्या बहिणींना ती लस मिळावी, एवढे तरी ऋण आपण मानले पाहिजे.

मौन बाळगणारे सरकार एकटे भारताचेच होते असे नाही. जपानने एप्रिल २०१३ मध्ये ही लस नेहमीच्या लसीकरणात आणली आणि वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून काही मुलींच्या आजारपणाच्या कहाण्या येताच दोन महिन्यांत लशीची शिफारस करणे थांबविले. बंदी घातली नाही. फक्त शिफारस थांबविली. तेवढ्याने लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली घसरले. पुढे नागोया शहरातील हजारो मुलींची पाहणी होऊन त्या लक्षणांचा लशीशी संबंध आढळला नाही. तरीही शिफारस पुन्हा सुरू होण्यास एप्रिल २०२२ उजाडावे लागले. वाया गेलेल्या त्या वर्षांची किंमत काही हजार जपानी स्त्रियांना प्राणांनी मोजावी लागेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. सुशिक्षित, शिस्तप्रिय आणि सधन राष्ट्राची ही कथा आहे. तेव्हा अज्ञान हेच सर्व अनर्थांचे मूळ आहे, असे समजून स्वस्थ राहता येणार नाही. सरकारने कच खाल्ली की शिकलेली माणसेही तितक्याच वेगाने घाबरतात.

आम्हा महाराष्ट्रीयांना तर हा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. भारतात देवीची पहिली लस टोचून घेतली ती मुंबईतल्या तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल ह्या मुलीने, १४ जून १८०२ रोजी. प्लेगावरची लस तयार झाली तीही मुंबईतच. डॉ. हाफकिन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग लोकांपुढे धरली. त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते हे कोणाही मराठी माणसाला सांगावयास नको. रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, बायाबापड्यांची तपासणी रस्त्यावर करीत होते, आणि रोगापेक्षा इलाज नको असे लोकांना झाले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गोळ्या झडल्या, त्या ह्या संतापाच्या पोटी. मुंबईत स्वतःच्या दंडावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आणि पुण्यात दुसऱ्याच्या देवघरात शिरणारा अधिकारी हे दोघेही एकाच रोगाशी लढत होते. लोकांना विश्वासात घ्यावयाचे की नाही, एवढाच काय तो त्यांच्यातला फरक होता. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लशीची एक बाटली दूषित होऊन १९ माणसे धनुर्वाताने मेली, दोष हाफकिन ह्यांच्या माथी आला आणि त्यातून मुक्त होण्यास त्यांना १९०७ साल उजाडले. खम्ममला जे घडले ते ह्या इतिहासाचेच एक पुढचे पान होते. आपण मागची पाने उलटून पाहिली नाहीत, इतकेच.

सरकारच्या मौनाविषयी हे झाले. आता घरातल्या मौनाविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. कारण ह्या पत्राचा वाचक सुशिक्षित आहे, त्याला लस कोठे मिळते हे ठाऊक आहे आणि खासगी दवाखान्यात तिच्यासाठी लागणारे दोनचार हजार रुपये तो मनात आणील तर खर्चू शकतो. तरीही तो मुलीला लस देत नाही. का? विचारले तर उत्तर येते, ‘आमच्या घरात असले काही नाही.’ ह्या ‘असले काही’मध्ये सारे आले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, म्हणून त्यावरची लस घेणे म्हणजे मुलीच्या शीलाविषयी शंका घेणे, असा एक विलक्षण तर्क पांढरपेशा घरांतून रूढ झाला आहे. तो तर्क मुळातच भ्रामक आहे. जी स्त्री आयुष्यात एकाच पुरुषाची झाली, जिने उंबरठ्याबाहेर कधी वाकडे पाऊल टाकले नाही, तिलाही हा रोग होतो. कारण संसर्ग घरात आणण्यास नवरा पुरेसा असतो, आणि तोही लग्नापूर्वी केव्हातरी, स्वतःच्या नकळत घेऊन आलेला असू शकतो. रोगाला शील कळत नाही. ज्या स्त्रियांच्या अंत्ययात्रा आपल्या गल्लीतून निघाल्या, त्यांच्या चारित्र्याचा निवाडा त्यांच्या मृत्यूच्या कारणावरून करू पाहणाऱ्याने आधी स्वतःच्या आईचे आणि आजीचे स्मरण करावे.

दुसरा आक्षेप वयाचा. नऊ ते चौदा वर्षांच्या पोरींना हे कशाला, असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे. ही लस रोग बरा करीत नाही, संसर्ग अडवते. म्हणून संसर्गाची शक्यता निर्माण होण्याआधी ती दिली पाहिजे. कोवळ्या वयात शरीर लशीला अधिक जोमाने प्रतिसादही देते. पुढे सव्विसाव्या वर्षापर्यंत लस घेता येते, परंतु उशीर होईल तसा लाभ घटत जातो. गोवराची लस आपण गोवर निघाल्यावर देत नाही, आणि घटसर्पाची लस देताना बालकाच्या भावी वर्तनाची चर्चाही करीत नाही. मग हिच्याच वेळी मुलीचे वय आड का यावे? लस दिली म्हणून मुली स्वैर होतात, ह्या समजुतीलाही इतर देशांतील पाहण्यांनी आधार दिलेला नाही.

लैंगिक आरोग्याविषयी बोलणे म्हणजे अश्लीलता, ही समजूत ह्याच शहरांतून रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी अंगावर ओढवून घेतली होती. १९२७ पासून १९५३ पर्यंत, आयुष्याच्या अखेरपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यासाठी खटले सोसले, प्राध्यापकीवर पाणी सोडले. खुद्द डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. आज कर्व्यांचा गौरव करणारे व्याख्याते उदंड आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या मुलीला शेजारी बसवून ही लस कशासाठी आहे हे समजावून सांगितले असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्या संकोचाचे बळी नुसत्या मुली नाहीत. त्यांच्या आयाही आहेत. लशीचा लाभ उद्याच्या पिढीला आहे. ज्या स्त्रिया आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांचे रक्षण तपासणीनेच होणार. आणि २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ह्या रोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही नाहीत. तपासणी खर्चिक असते असे म्हणावे तर तसेही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास जगन्मान्य आहे. साधारण शिक्षणाच्या बायकांना शिकवून तयार केले, पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख पाहण्याची रीत त्यांच्या हाती दिली, आणि बारा वर्षांत ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांतील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी करून उपचार केले, तेथे ह्या रोगाचे मृत्यू इतर गावांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ साली सिद्ध झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांतील स्त्रियांना ती तपासणी का मिळू नये, असा सवालही पुढे विचारला गेला आणि तो रास्त होता. परंतु उत्तर हाती आल्यानंतरही साऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांना ती तपासणी नित्याची झाली नाही, ह्याला काय म्हणावे? जगाला शहाणे करून सोडणारी खेडी आमची, आणि त्या शहाणपणाला पारखी झालेली खेडीही आमचीच.

जागतिक आरोग्य संघटनेने १७ नोव्हेंबर २०२० रोजी ह्या रोगाच्या निर्मूलनाचा संकल्प सोडला. २०३० पर्यंत पंधरा वर्षांखालील ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार, असे त्याचे तीन टप्पे आहेत. भारताजवळ साधनांची वाण नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या स्वदेशी लशीला जुलै २०२२ मध्ये परवाना मिळाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती लोकार्पण झाली. केंद्र सरकारच्या लसीकरणविषयक तज्ज्ञ गटाने २०२२ साली ही लस सार्वत्रिक लसीकरणात घेण्याची शिफारस केली. अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचे अभिवचन दिले. परंतु घोषणा होणे, कुप्या येणे, एवढेच काय मोहिमेचा नारळ फुटणे ही एक गोष्ट, आणि गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील मुलीपर्यंत लस पोहोचणे ही अगदी दुसरी गोष्ट.

ती पोहोचावी म्हणून आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत. लस देण्यापूर्वी प्रत्येक पालकाच्या हाती त्याच्या भाषेतील पत्रक पडले पाहिजे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून व समजावून दिले पाहिजे. आश्रमशाळेच्या अधीक्षकाच्या सहीने काम भागविण्याचा मोह कोणत्याही सबबीवर होता कामा नये. पत्रकात लशीच्या गुणांबरोबर तिचे त्रासही लिहिलेले असावेत. लस घेतल्यानंतर मुलगी आजारी पडली तर कोठे कळवावे हे आधीच सांगावे, प्रत्येक तक्रारीची चौकशी व्हावी आणि चौकशीचा निकाल, तो अनुकूल असो की प्रतिकूल, त्वरित छापला जावा. शाळा सुटलेल्या, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या मुलींना शोधून काढण्याचे काम आशा कार्यकर्तीवर सोपवावयाचे असेल तर तिला त्याचा योग्य मोबदला मिळावा. आणि मुलीला लस टोचावयास आलेल्या परिचारिकेने तिच्या आईची तपासणी कोठे व केव्हा होईल हे सांगितल्यावाचून त्या घरातून पाऊल काढू नये. ह्यात अशक्य असे काहीच नाही. सिक्कीमने २०१८ साली शिक्षक, डॉक्टर आणि पालक ह्यांना आधी विश्वासात घेतले, मग शाळांतून लस दिली, आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत मजल मारली. डोंगराळ सिक्कीमला जे साधले ते सह्याद्रीच्या कुशीत का साधू नये?

सरकारकडे मागावयाचे ते आम्ही मागितले आहे आणि पुढेही मागत राहू. परंतु ह्या बाबतीत वाचकांचेही एक कर्तव्य आहे आणि ते पार पाडण्यास कोणत्याही खात्याचा हुकूम लागत नाही. आज रात्री जेवणे उरकल्यावर आईने मुलीला जवळ बसवावे आणि हा रोग काय आहे, तो कसा होतो आणि ही लस कशासाठी घ्यावयाची, हे तिला तिच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगावे. वडिलांनी त्या वेळी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसू नये. तेही ऐकावयास असावेत. मुलगी प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे द्यावीत. येत नसतील तर डॉक्टरला विचारून द्यावीत. आणि ते झाल्यावर आईने स्वतःच्या तपासणीचा दिवसही ठरवून टाकावा. मुलीच्या लशीची तारीख आणि आईच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या एकाच कालनिर्णयावर सर्वांना दिसेल अशी लिहिली गेली, तर त्या घरापुरते तरी हे मौन संपले असे आम्ही समजू.